दुखेल, पण थोडंच

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि रक्त तपासणीच्या खोलीपासून निघालेली रांग वळसा घेऊन जिन्यापर्यंत पोचली आहे. विदर्भातलं हे एक जिल्हा रुग्णालय, लोकांच्या तोंडी नुसतं ‘सिव्हिल’. रांगेतले बरेचजण पहाटेची एसटी धरून आलेत आणि रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्या पोटात काही गेलेलं नाही. प्रत्येकाच्या हातात केसपेपर, त्याला टाचलेली तपासणीची चिठ्ठी. बाकावर जागा नाही म्हणून बायका भिंतीला टेकून खाली बसल्यात. मी आईला घेऊन आले आहे. तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवण्याची गोळी कायमची चालू, त्यामुळे रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी करायला वरचेवर यावं लागतं. दाराजवळच्या बाकावर कुणीतरी सरकून तिला जागा दिली आहे. मी शेजारी उभी आहे आणि दार उघडंच असल्यामुळे आतलं सगळं दिसतंय.

आत दोन लांब टेबलं, दोन खुर्च्या, पडद्याआड एक पलंग. डावीकडच्या खुर्चीपाशी रक्त घेणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत. चष्मा नाकावर घसरलेला, पण हातात मोजे असल्यामुळे तो वर सारता येत नाही. उजवीकडे प्रयोगशाळेचा डीएमएलटी डिप्लोमा करून नुकताच कंत्राटावर लागलेला एक तरुण मुलगा. टेबलांवर नळ्यांचे स्टँड लागलेत: जांभळ्या टोपणाच्या, राखाडी, लाल, फिकट निळ्या. सुई कापायचं यंत्र, पांढरा डबा, लाल पिशवी, पिवळी पिशवी. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. बोलता बोलता, मान न वळवता, ताईंचा हात बरोबर तिथेच जातो.

खुर्चीत आता धोतर-टोपीतले एक काका बसलेत.

“काही खाल्लं-पेलं का काका सकाळपासून?”

“काही नाही जी.” मग जरा थांबून, “चहा पेलो तेवढा. अर्धा कप.”

“साखरेचा?”

“आता साखर तं घालतेच ना बाई चहात.”

ताई पट्टा खाली ठेवतात. उपाशीपोटीची साखर आज घेतली तर आकडा खोटा येईल आणि त्या खोट्या आकड्यावर गोळी वाढेल. “फास्टिंगचं उद्या द्या,” त्या म्हणतात. काकांचा चेहरा उतरतो. उद्या म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा एक रोजी बुडणार. ताई चिठ्ठी पुन्हा नीट वाचतात. खाली डॉक्टरांनी एचबीए-वन-सीही लिहिलंय. “हे घेते आज. याले उपाशी राहायचं काम नाही. तीन महिन्यांची साखर कळते यात.” तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. तेवढ्या दिवसांत रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि ती किती चिकटली, हे ही तपासणी मोजते. सुई टोचण्याआधी ताई अजून एक विचारतात, “सिकलसेलची तपासणी झाली का तुमची?” हा प्रश्न चिठ्ठीवर नाही. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा येतो, हे त्यांना ठाऊक आहे. या भागात हे विचारलंच पाहिजे. काका म्हणतात, “झाली. नाही निघाला.” मग पट्टा बांधला जातो.

यंत्राचा छापील कागद हातात पडला की आपण त्याला शेवटचा शब्द मानतो. पण यंत्र फक्त नळीत आलेलं मोजतं. नळीत काय येणार, हे या खुर्चीपाशी ठरतं, आणि ते इतक्या बारीक गोष्टींवर ठरतं की इथे उभं राहून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता पाहा. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईंच्या पाच-सहा तपासण्या आहेत. ताई दंडावर पट्टा आवळतात आणि कोपराच्या खळगीत तर्जनी ठेवतात. नजर बाईंच्या चेहऱ्याकडे, काम बोटाचं. शीर डोळ्यांना दिसतेय यापेक्षा बोटाखाली उसळतेय याला महत्त्व. “मूठ बंद करा. फक्त बंद. उघड-मीट नका करू.” मूठ सारखी उघडली-मिटली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि नसलेला दोष अहवालात दिसतो. पट्टाही मिनिटाच्या वर आवळलेला राहू द्यायचा नाही. स्पिरिट लावतात आणि वाळू देतात. सुई आत जाते, आणि नळ्या ठरलेल्या क्रमाने लागतात: आधी निळी, मग लाल, मग जांभळी, सगळ्यांत शेवटी राखाडी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्यात पोटॅशियम असतं. त्याचा अंश जरी पुढच्या लाल नळीत गेला तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. भरलेली जांभळी नळी ताई आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करतात. जोरात हलवत किंवा हिसळत नाहीत.

शेजारच्या टेबलावर फोन वाजतो. वरून प्रयोगशाळेतून आहे. तरुण मुलगा ऐकतो आणि त्याचा चेहरा पडतो. वॉर्डातल्या एका पेशंटचं सॅम्पल हिमोलाइज झालंय, तांबड्या पेशी फुटल्यात, पोटॅशियम लावता येणार नाही, पुन्हा पाठवा. म्हणजे त्या पेशंटला पुन्हा टोचायचं. ताई त्याला ओरडत नाहीत. हातातलं काम संपवून त्याच्या टेबलाशी जातात. “सिरिंज जोरात ओढली का? आणि सुईतूनच नळीत दाबलं?” तो मान हलवतो. त्या एक रिकामी नळी घेतात, टोपण काढतात, सुई उतरवलेली सिरिंज नळीच्या आतल्या भिंतीला टेकवतात. “असं. भिंतीवरून ओघळू द्यायचं. घाई नाही करायची.” आणि परत आपल्या खुर्चीपाशी येतात. एवढ्या वेळात रांगेत कुरबुर सुरू झाली आहे. मला वाटतं, आजच्या सकाळचं सर्वांत मोलाचं काम त्या अर्ध्या मिनिटात झालं.

कोपऱ्यात तिघी गरोदर बायका बसल्यात. पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यात आणि दोन तास पुरे व्हायची वाट बघतायत. एकीला मळमळतंय, ती पदर तोंडाला लावून बसली आहे. उलटी झाली तर सगळं पहिल्यापासून. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्यांचं हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ, सिकलसेल, सगळं याच वेळी होऊन जाणार आहे.

आणि आता ज्याची मला सकाळपासून धास्ती आहे ते सुरू होतं. लहान मुलांची पाळी.

मुलांसाठी वेगळी खोली नाही, वेगळी वेळ नाही, रांगेत जसा नंबर येईल तसं आत जायचं. उजवीकडच्या टेबलावर तीनेक वर्षांची एक मुलगी आहे. आत काय चाललंय हे तिने रांगेत असतानाच पाहिलंय, ऐकलंय. वडिलांनी तिला टेबलावर आडवं धरलंय, मामाने पाय धरलेत, एका परिचारिकेने डोकं. तरुण मुलगा शीर शोधतोय. एकदा टोचतो, येत नाही. दुसऱ्यांदा सुई आत असतानाच दिशा बदलून बघतो. मुलगी आता रडत नाही, किंचाळते. बाहेर रांगेतली दोन लेकरं आपल्या आयांच्या कुशीत तोंड खुपसतात. एक आई आपल्या पोराला दटावते, “चूप बस, नाहीतर तुलेही तशीच सुई लावायले सांगीन.”

दुसरी खेप फसल्यावर तो तरुण मुलगा थांबतो. हे त्याने बरोबर केलं. दोनदा जमलं नाही की तिसऱ्यांदा त्याच हाताने टोचायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं, हा रीतसर नियम आहे आणि तो इथे पाळला जातो. ताई येतात. पहिलं काम म्हणजे सगळ्यांना मुलीपासून दूर करतात. “सोडा तिला. उठवा. आईकडे द्या.” पाच मिनिटं काहीच करत नाहीत. मुलीचा हात नुसता आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत राहतात. हात ऊबदार झाला की शिरा फुगतात. घाबरलेल्या मुलाचे हातपाय गार पडतात आणि शिरा आत ओढल्या जातात. भीती आणि न सापडणारी शीर या दोन वेगळ्या अडचणी नाहीतच. मग तळहाताच्या मागच्या बाजूला एका टोचण्यात काम होतं. मुलगी रडते, पण ते रडणं वेगळं आहे.

मोठ्यांनी मिळून मुलाला दाबून धरणं हा आपल्याकडे सगळीकडचाच परिपाठ. मला तो मान्य नाही. काही वेळा इलाज नसतो हे कळतं. पण पहिला उपाय म्हणून ते करणं चूक आहे. मुलाच्या लक्षात सुई राहत नाही, आपलीच माणसं आपल्याला धरून होती हे राहतं.

पुढचा नंबर चार वर्षांच्या एका मुलाचा. अंगणवाडीतल्या तपासणीत बोटाच्या थेंबावर सिकलसेलची पहिली चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली, म्हणून आईने त्याला इथे आणलंय. त्या चाचणीत रक्त एका द्रावात मिसळतात. सिकलचं हिमोग्लोबिन असलं की द्राव गढूळ होतो आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. आईचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. “बिमारी निघाली म्हणते ताई याले.”

“ते अर्धंच कळलं,” ताई म्हणतात. “वाहक आहे का आजार आहे, ते त्यात नाही कळत. ते आज या नळीतून कळेल. वाहक असला तर खेळेल-कुदेल सगळ्यांसारखा. तुमची झाली का तपासणी? याच्या बाबांची?”

बाबांची झालेली नाही. ताई केसपेपरवर लिहितात आणि आईला दोनदा सांगतात, दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजाराचं मूल होण्याची शक्यता चारात एक असते, याच्या बाबांना घेऊनच या. बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड येतो. अर्धवट कळलेल्या गोष्टीने ती किती रात्री जागली असेल कोण जाणे. हा आजार इथे नवा नाही: नागपूरहून डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली. सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम शहडोलहून सुरू झाली १ जुलै २०२३ला, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. ते सात कोटी अशाच एकेका खुर्चीवरून मोजले जातात, आणि पहिल्या चाचणीचा अर्थ घरच्यांना नीट सांगणारं माणूस त्या प्रत्येक खुर्चीपाशी हवं आहे.

मुलगा आईच्या मांडीवर आहे. आई त्याला समजावते, “काही नाही होत बाळा, दुखत नाही, जसं मुंगी चावते.”

ताई तिला मधेच थांबवतात. त्याच्याकडे बघून म्हणतात, “दुखेल. पण थोडंच. मी तीन म्हणेन तोवर. मग संपलं. कोणता हात देतोस?”

मुलगा दोन्ही हात पाठीमागे घेतो. ताई वाट बघतात. रांगेतून कुणीतरी ओरडतं, “होऊ द्या ना लवकर.” ताई तिकडे पाहत नाहीत. मग पाठीमागून एक हात पुढे येतो, डावा.

“हा? बरं. हाच घेऊ. रडायचं असलं तर रड, हात नको हलवू.”

आईने त्याला आडवं न करता कुशीत बसवलंय, त्याचा दुसरा हात आपल्या कमरेमागे घेतलाय. त्यामुळे तो मिठीतही आहे आणि हलूही शकत नाही. ताई बारीक, पंखवाली सुई घेतात, तिला मागे लवचीक नळी असते, मुलाने हात जरा हलवला तरी सुई शिरेतून सहसा सुटत नाही. “एक.” सुई आत. नळीत लाल रेघ चढते. “दोन.” ताई सिरिंज अगदी हळू ओढतात, जोरात ओढली तर लहान शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. मुलाचा खालचा ओठ थरथरतोय. रक्त पुरतं यायला अजून दोन श्वास लागणार, आणि ताई ‘तीन’ म्हणत नाहीत. सुई बाहेर येते, कापूस दाबला जातो, तेव्हाच “तीन” म्हणतात. दिलेला शब्द त्यांनी पाळला. मुलगा आता रडतो, मोकळेपणाने रडतो, पण हात त्याने ताईंच्या हातातच ठेवलाय. “कोपर दुमडू नका,” त्या आईला सांगतात, “सरळ ठेवून दाबून धरा, नाहीतर काळं-निळं पडेल.”

मागे एक आजी नातवाला घेऊन उभ्या आहेत. नातू दहा महिन्यांचा, अंगाने पांढुरका. चिठ्ठीवर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. आजी नळीकडे बघून हादरल्यात. “एवढं रक्त काढलं तं लेकरात काय राहील माय? आधीच रक्त कमी म्हणते डॉक्टर.”

प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी बरोबर आहे. आणि ताई त्याला उत्तर देतात. “आजी, वजन किती याचं? आठ किलो? मग याच्यात सहाशे मिलीच्या वर रक्त आहे. मी दोन मिली पण नाही घेणार. चमचाभरही नाही.” आजी हिशेब मनात घोळवतात आणि मान हलवतात. वरच्या मजल्यावर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात मात्र हाच प्रश्न रोज गंभीरपणे विचारला जातो. एक किलोच्या बाळात रक्त असतं शंभर मिलीच्या आतबाहेर. तिथे प्रत्येक तपासणीचा थेंब मोजतात, जमेल तेव्हा टाचेच्या कडेला टोचून थेंबांवर भागवतात, मधोमध टोचत नाहीत कारण तिथे हाड जवळ असतं. टोचताना बाळाच्या तोंडात आईच्या दुधाचे थेंब दिले तर ते कमी रडतं, हे आता सिद्ध झालेलं आहे.

आजींच्या नातवासारखी मुलं या जिल्ह्यात कमी नाहीत. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. शंभरातली एकोणसत्तर. पाच वर्षं आधीच्या पाहणीत हाच आकडा ५४च्या आसपास होता. ही तपासणी इथे फुकट होते. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, आणि मी या निर्णयाचं मनापासून स्वागत करते. पण फुकट झालं म्हणून गर्दी वाढली, आणि टेबलं मात्र तीच दोन. दोन माणसांनी सकाळच्या तीन तासांत ही सगळी रांग संपवायची असेल तर मुलाचा हात चोळायला पाच मिनिटं कुठून आणायची? आज ताईंनी ती आणली, कारण त्यांचा स्वभाव तसा आहे. व्यवस्था कुणाच्या स्वभावावर चालू नये.

आईचा नंबर लागतो. तिला निळ्या टोपणाची एकच नळी. नऊ भाग रक्ताला एक भाग औषध हे प्रमाण नळीत आधीच ठरलेलं असतं, म्हणून ती खुणेच्या रेघेपर्यंत भरायलाच हवी. कमी भरली तर आयएनआर चुकतो, आणि आईची गोळी त्याच आकड्यावर कमी-जास्त होते. ताई नळी उजेडाकडे धरून रेघ बघतात, नाव आणि नंबर आईच्या तोंडून पुन्हा वदवून घेतात आणि तिच्यासमोरच नळीवर स्टिकर लावतात. गोळी चालू असल्यामुळे कापूस पाच मिनिटं दाबून धरायला सांगतात. “रिपोर्ट दुपारी दोननंतर, नऊ नंबरच्या खिडकीत.”

बाहेर रांग अजून जिन्यापर्यंतच आहे.

वाचकहो, मुलाला रक्ताला घेऊन जाणार असाल तर एवढं करा. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तर त्याला पोटभर खाऊपिऊ घालून न्या, पाणी भरपूर प्यायला असलं की शीर सापडते. बाही सैल असू द्या. त्याला आडवं दाबू नका, मांडीवर घ्या. दुखणार नाही असं खोटं सांगू नका आणि घरात सुईची भीती घालून गप्प बसवू नका. त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षं तेच मूल मोजत राहतं. आणि जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे लेखी मागणी करा: मुलांच्या रक्तासाठी वेगळी खोली, सकाळचा वेगळा तास आणि तिथे एक अनुभवी माणूस.